लाजऱ्या मुलाने काढलेली बोलण्याची शाळा

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात १२५ व्या रस्त्यावर वायएमसीएची इमारत होती. २२ ऑक्टोबर १९१२ रोजी तेथे प्रौढांसाठी वक्तृत्वाचा एक रात्रवर्ग सुरू झाला. दिवसभर नोकरी-धंदा करून थकलेली मंडळी समोर बसली होती. त्यांना ना पदवी हवी होती, ना अलंकारिक भाषा. कचेरीतल्या बैठकीत चार वाक्ये बोलताना पाय लटपटू नयेत, गिऱ्हाइकासमोर जीभ अडखळू नये, एवढीच त्यांची माफक अपेक्षा होती. शिकविणारा तरुण अद्याप चोवीस वर्षांचाही झाला नव्हता. त्याने जे काही तयार करून आणले होते, ते तास संपण्याआधीच संपून गेले. आता पुढे काय, हे न सुचल्याने त्याने विद्यार्थ्यांनाच एकेक करून उभे केले आणि आपल्याला कशाचा राग येतो, ते सांगायला लावले. आणि काय आश्चर्य! घटकेपूर्वी स्वतःचे नाव सांगतानाही ज्यांच्या घशाला कोरड पडत होती, ती माणसे तावातावाने बोलू लागली.

डेल कार्नेगी या नावाने पुढे जगभर ओळखल्या गेलेल्या या शिक्षकाला त्या रात्री जे गवसले, ते त्याने कोणत्याही ग्रंथात वाचलेले नव्हते. भित्र्या माणसाचे सारे लक्ष स्वतःवर खिळलेले असते. आपले हात कोठे ठेवावेत, आवाज कापतो आहे काय, समोरचे हसत तर नाहीत ना, या विवंचनेत तो गुरफटलेला असतो. त्याला खरोखर तळमळीच्या विषयाकडे वळविले, की लक्ष स्वतःवरून उठते आणि त्याबरोबर भीतीही काही काळ बाजूला सरते. साधनाअभावी केलेली ही युक्ती पुढे एका प्रचंड व्यवसायाचा पाया ठरली. मात्र ती ज्याला सुचली, त्याचे स्वतःचे बालपण भीतीतच गेले होते, हे ध्यानात घेतल्याखेरीज तिचे मोल कळत नाही.

डेलचा जन्म २४ नोव्हेंबर १८८८ रोजी अमेरिकेतील मिसुरी राज्यात, मेरीव्हिलजवळच्या एका शेतावर झाला. वडील जेम्स कष्टाळू शेतकरी, आई अमांडा कडक धार्मिक वळणाची. शेताजवळून वाहणाऱ्या नदीचे नावही विचित्र होते, वन हंड्रेड अँड टू म्हणजे एकशे दोन. ही नदी वर्षाआड नव्हे, तर सात वर्षांपैकी सहा वर्षे मक्याचे पीक बुडवून जाई. डुकरे पाळावीत, तर ती साथीने मरत. १८९८ मध्ये वडील सत्तेचाळीस वर्षांचे होते. तीसहून अधिक वर्षे राबल्यानंतर त्यांच्या पदरी कर्ज आणि मानहानी याखेरीज काही उरले नव्हते. शेत जप्त करण्याची धमकी देणाऱ्या बँकवाल्याला भेटून परतताना त्यांनी नदीच्या पुलावर गाडी थांबविली आणि पाण्याकडे पाहत ते बराच वेळ उभे राहिले. उडी घ्यावी की घरी जावे, याचा निर्णय होत नव्हता, हे त्यांनी कितीतरी वर्षांनंतर मुलाला सांगितले. गोठ्यातून परतायला त्यांना थोडा जरी उशीर झाला, तरी आई धास्तावून तिकडे धाव घेई. आपल्याकडच्या दुष्काळी भागातील कर्जबाजारी घरांची कहाणी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या चित्रात अनोळखी असे काहीच वाटणार नाही. सुदैवाने ते घरी परतले आणि त्यानंतर बेचाळीस वर्षे जगले.

अशा घरातला मुलगा चिंता करायला न शिकता तर नवलच. विजा कडाडल्या की त्याला मरणाचे भय वाटे. आपल्याशी लग्न करायला कोणी मुलगी तयार होईल काय, झालीच तर लग्नानंतर तिच्याशी पहिले वाक्य काय बोलायचे, याचीही काळजी त्याला लागून राहिली होती. त्याचे कान मोठे होते आणि शाळेतला एक दांडगट मुलगा ते कापून टाकण्याची धमकी देई. एकदा पडक्या घराच्या माळ्यावरून उडी मारताना बोटातली अंगठी खिळ्यात अडकली आणि डाव्या हाताची तर्जनी तुटली. गंमत अशी, की न घडलेल्या गोष्टींनी या मुलाची झोप उडविली. पण जे बोट खरोखरच गेले, त्याविषयी जखम भरल्यानंतर त्याने कधी फारसा विचारही केला नाही. या विसंगतीकडे तो पुढे पुन्हा वळणार होता.

१९०४ मध्ये कुटुंब वॉरेन्सबर्गजवळ राहायला गेले. तेथील सरकारी अध्यापक महाविद्यालयात शिक्षणाची फी नव्हती. परंतु गावात राहण्या-जेवण्याचा खर्चही झेपणारा नव्हता. म्हणून डेल रोज घोड्यावरून महाविद्यालयात जाई आणि परतल्यावर गाई दोही, लाकडे फोडी. अंगातला कोट आखूड, विजार त्याहून आखूड. फळ्यासमोर उभे राहिले, की मुले गणिताकडे न पाहता आपल्या कपड्यांकडे पाहत आहेत, असे त्याला वाटे. या न्यूनगंडातून बाहेर पडण्याचे दोनच मार्ग त्या महाविद्यालयात होते. एक तर खेळात चमकायचे, नाहीतर वादविवादात. खेळाची देणगी नव्हती, उरले वक्तृत्व.

तेथेही यश सहजी आले नाही. घोड्यावर बसून, गाय दोहताना, कोठारात कबुतरांपुढे तो भाषणांचा सराव करी आणि स्पर्धेमागून स्पर्धा हरे. एक काळ असा आला, की जिवाचे बरेवाईट करून घेण्याचे विचारही मनात डोकावून गेले. मग अचानक तो जिंकू लागला. एकामागून एक सगळ्या स्पर्धा जिंकल्या. इतर विद्यार्थी मार्गदर्शनासाठी त्याच्याकडे येऊ लागले आणि तेही जिंकू लागले. यातली मेख अशी, की त्याचा कोट अजूनही आखूडच होता आणि घरची गरिबीही तशीच होती. बदल झाला होता तो वारंवार उभे राहिल्यामुळे. आधी आत्मविश्वास येईल आणि मग आपण बोलू, अशी वाट पाहत बसला असता, तर तो मिसुरीतल्या शेतावर आयुष्यभर वाटच पाहत राहिला असता.

१९०८ मध्ये त्याने महाविद्यालय सोडले, तेही पदवीविना. लॅटिनचा विषय राहिला होता. पत्रद्वारा शिक्षणाचे अभ्यासक्रम विकण्याचे काम त्याने पत्करले आणि त्यात तो इतका अपयशी ठरला, की भर दुपारी हॉटेलच्या खोलीत पलंगावर पडून रडला. नंतर आर्मर कंपनीसाठी दक्षिण डकोटाच्या रखरखीत मुलुखात डुकराचे मांस, साबण आणि चरबी विकली. या कामात मात्र त्याने शेवटच्या रांगेतला आपला विभाग पहिल्या क्रमांकावर आणला. कंपनी बढती देत असतानाच त्याने नोकरी सोडली आणि अभिनय शिकण्यासाठी न्यूयॉर्क गाठले. एका नाटक कंपनीबरोबर दौरा केल्यानंतर रंगभूमी आपल्यासाठी नाही, हे त्याला उमगले. पुन्हा विक्रेता, या वेळी पॅकार्ड कंपनीच्या मालमोटारींचा. त्या यंत्रांविषयी त्याला काडीचेही ज्ञान नव्हते आणि जाणून घेण्याची इच्छाही नव्हती. ५६ व्या रस्त्यावरच्या त्याच्या खोलीत झुरळांचा सुळसुळाट होता. सकाळी नेकटाय घ्यायला हात लावला, की ती भिंतीवरून चहूकडे पळत.

या टप्प्यावर त्याने रात्री प्रौढांना शिकवावे आणि दिवसा लेखन करावे, असा बेत केला. कोलंबिया आणि न्यूयॉर्क या दोन्ही विद्यापीठांनी नकार दिला. वायएमसीएने संधी दिली. पण दर रात्रीचे दोन डॉलर वेतन देण्याची तयारी दाखविली नाही. नफा झालाच, तर त्यातला वाटा घ्यावा, अशी बोली झाली. या अटीने एक मोठीच गोष्ट साधली. विद्यार्थी हप्त्याहप्त्याने फी भरत आणि उपयोग झाला नाही तर पुढच्या आठवड्यात येत नसत. विद्यापीठातल्या प्राध्यापकाला कंटाळवाणे शिकविण्याची जी चैन परवडते, ती या शिक्षकाला परवडणारी नव्हती. तीन वर्षांच्या आत त्याला एका रात्रीचे तीस डॉलर मिळू लागले.

येथून पुढचे डेल कार्नेगी हे कीर्ती मिळविणारे गृहस्थ आहेत. तेव्हा त्यांचा उल्लेखही आदरार्थी करणे भाग आहे. त्यांच्या वर्गाची रचना साधी होती. प्रत्येकाने प्रत्येक वेळी उभे राहायचेच. बोलायचे ते स्वतः अनुभवलेल्या गोष्टीवर. पाठ केलेले भाषण नको. बोलणाऱ्याच्या चुकांची यादी वाचण्याऐवजी त्याला काय साधले, ते आधी सांगायचे. तिसऱ्या-चौथ्या खेपेला माणसाच्या लक्षात येई, की उभे राहूनही आपण जिवंत आहोत. अल्बर्ट बांदुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये स्वसामर्थ्यावरील विश्वासाची जी मीमांसा मांडली, तिच्यात प्रत्यक्ष करून पाहिलेल्या, साधलेल्या कृतीला सर्वांत भक्कम आधार मानले आहे. कोणी पाठ थोपटून दिलेला धीर त्यामानाने दुबळा ठरतो. पुढे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने असेही दाखविले, की वक्त्याला आपली घबराट जितकी उघडी पडली असे वाटते, तितकी ती श्रोत्यांना दिसत नसते. कार्नेगींजवळ प्रयोगशाळा नव्हती. होते ते विल्यम जेम्स यांचे वाचन, ज्यात भावना बदलायची तर आधी कृती बदलावी असे सुचविलेले होते, आणि दर आठवड्याला थरथरत उभी राहणारी माणसे.

पहिल्या महायुद्धात त्यांनी लाँग आयलंडवरच्या लष्करी छावणीत नोकरी केली. युद्धानंतर पत्रकार लॉवेल थॉमस यांच्या गाजलेल्या चित्रफीत-व्याख्यानांची व्यवस्था पाहण्यासाठी ते लंडनला गेले. मूळ आडनावाचे स्पेलिंग त्यांनी याच सुमाराच्या काही वर्षांत बदलले. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांच्याशी त्यांचे कोणतेही नाते नव्हते. पण नवे स्पेलिंग ऐकणाऱ्याच्या मनात ते जोडून देई. प्रामाणिकपणाचे धडे देणाऱ्या माणसाने केलेली ही छोटीशी चलाखी त्यांचे टीकाकार विसरले नाहीत आणि त्यात त्यांची चूक आहे, असे म्हणता येत नाही.

लंडनमध्येच एका रात्री त्यांना एक धडा मिळाला. वैमानिक सर रॉस स्मिथ यांच्या सन्मानार्थ मेजवानी होती. शेजारी बसलेल्या गृहस्थाने एक किस्सा सांगताना एक वचन उद्धृत केले आणि ते बायबलमधले असल्याचे ठोकून दिले. ते शेक्सपिअरचे आहे, हे कार्नेगींना पक्के माहीत होते. त्यांनी लागलीच दुरुस्ती केली. गृहस्थ हट्टाला पेटले. दुसऱ्या बाजूला कार्नेगींचे जुने स्नेही फ्रँक गॅमंड बसले होते, ज्यांनी शेक्सपिअरच्या अभ्यासात वर्षे घालविली होती. निवाडा त्यांच्याकडे गेला. गॅमंड यांनी टेबलाखालून कार्नेगींच्या पायावर टोला दिला आणि वचन बायबलमधलेच असल्याचा निर्वाळा दिला. घरी परतताना मात्र त्यांनी अंक, प्रवेश सांगून ते हॅम्लेटमधले असल्याचे मान्य केले. आपण मेजवानीचे पाहुणे होतो, त्या माणसाने आपले मत विचारलेले नव्हते आणि त्याला चारचौघांत खोटे पाडून काहीच साधणार नव्हते, असा त्यांचा मुद्दा होता. वादविवादाच्या स्पर्धा जिंकून मोठे झालेल्या कार्नेगींना हे पचायला वेळ लागला. वाद जिंकणे म्हणजे माणूस गमावणे, हा त्यांच्या पुढच्या शिकवणुकीचा एक खांब याच टेबलाखालच्या टोल्यातून उभा राहिला. सत्य बोलूच नये काय, असा प्रश्न येथे कोणीही विचारील. कार्नेगींचे उत्तर त्या प्रश्नाला पुरे पडत नाही. जेवणाच्या टेबलावर जे शहाणपण, ते न्यायालयात, रुग्णालयात वा विधिमंडळात शहाणपण राहतेच, असे नाही.

त्यानंतर कादंबरीकार होण्याच्या जिद्दीने ते दोन वर्षे युरोपात राहिले. चलनवाढीमुळे डॉलरवर तेथे स्वस्तात राहता येई. हिमवादळावरचे नाव घेतलेली ती कादंबरी टाकाऊ आहे, असे प्रकाशनाच्या जाणकाराने थंडपणे सांगितले आणि आपले हृदय जणू थांबले, असे कार्नेगींना वाटले. ते परत आपल्या वर्गाकडे आले. १९२१ मध्ये झालेले पहिले लग्न १९३१ मध्ये घटस्फोटाने संपले. मधल्या काळात १९२९ च्या शेअरबाजारातील कोसळीत शिल्लकही गेली.

वर्ग मात्र वाढत होते. भाषण करण्यापेक्षाही रोज भेटणाऱ्या माणसांशी कसे वागावे, हीच विद्यार्थ्यांची खरी अडचण आहे, हे त्यांना कळून चुकले होते. या विषयावर उपयोगी पुस्तक सापडेना, तेव्हा त्यांनी काही नियम पोस्टकार्डाएवढ्या कागदावर छापून वर्गात वाटले. विद्यार्थी ते आठवडाभर कचेरीत, घरात वापरून पाहत आणि काय घडले, ते येऊन सांगत. पुढच्या वर्षी कागद मोठा झाला, मग पत्रक, मग पुस्तिका. नाव लक्षात ठेवावे, समोरच्याला बोलू द्यावे, चूक आपली असेल तर ती आपणच आधी कबूल करावी, दोष दाखवायचाच तर एकांतात आणि आडवळणाने दाखवावा, अशा या साध्या गोष्टी. एका प्रकाशकाकडच्या भोजनप्रसंगी ते एका वनस्पतिशास्त्रज्ञाशेजारी बसले आणि तासन् तास परदेशी झाडांपासून बटाट्यापर्यंतची माहिती ऐकत राहिले. स्वतः जवळपास काहीच बोलले नाहीत. निरोप घेताना त्या शास्त्रज्ञाने यजमानांपाशी कार्नेगींच्या संभाषणचातुर्याची तोंडभरून स्तुती केली! लक्ष देऊन ऐकणे म्हणजे गप्प राहणे नव्हे. त्या रात्री कार्नेगींना खरोखरच बटाट्याविषयी जाणून घ्यायचे होते, हे यात महत्त्वाचे. शेतकऱ्याचा मुलगा अखेर!

१९३४ मध्ये सायमन अँड शुस्टर या प्रकाशनसंस्थेतील लिऑन शिमकिन हे त्यांच्या वर्गाला आले आणि पुस्तक लिहिण्याची गळ घातली. याच संस्थेने आधी त्यांची हस्तलिखिते परत पाठविली होती, त्यामुळे कार्नेगी फारसे उत्सुक नव्हते. अखेर व्याख्याने लघुलेखकाकडून टिपून घेण्यात आली आणि १९३६ च्या अखेरीस ‘हाऊ टु विन फ्रेंड्स अँड इन्फ्लुअन्स पीपल’ बाजारात आले. पहिली आवृत्ती अवघ्या पाच हजार प्रतींची. महामंदीने नोकऱ्या हिरावलेल्या आणि मुलाखतीच्या खोलीबाहेर ताटकळणाऱ्या देशाने ते अक्षरशः उचलून धरले. आजवर त्याच्या तीन कोटींहून अधिक प्रती खपल्याचे मानले जाते, आणि मुंबई-पुण्याच्या पदपथांवरील पुस्तकांच्या ढिगाऱ्यात ते हमखास हाती लागते.

टीकाही तितकीच झाली. विनोदी लेखक जेम्स थर्बर यांनी त्यातल्या कृत्रिमपणावर बोट ठेवले, तर माणसे तोडावीत कशी, यावरचे विडंबनपुस्तक १९३७ मध्येच निघाले. आक्षेप गंभीर होता. कौतुक जर काम काढून घेण्यासाठी करायचे, तर ते कौतुक कसले? कार्नेगींनी खुशामत आणि मनापासूनची दाद यांत फरक केला आणि खुशामत निषिद्ध मानली. पण पुस्तकातली उदाहरणे बहुतेक वेळा व्यवहार जुळण्याने संपतात, हेही तितकेच खरे. १९६९ च्या हत्यांमुळे कुप्रसिद्ध झालेल्या चार्ल्स मॅन्सन यानेही तुरुंगात कार्नेगींच्या पद्धतीचे धडे गिरविले होते, असे त्याच्या चरित्रात नमूद आहे. ऐकण्याची कला माणूस जोडण्यासाठी वापरावी की जाळ्यात ओढण्यासाठी, हे ती कला स्वतः ठरवू शकत नाही. मूळ आवृत्तीत सुखी संसाराचे नियम सांगणारा एक विभागही होता आणि तो लिहिणाऱ्याचा घटस्फोट होऊन पाच वर्षे झाली होती. १९८१ च्या सुधारित आवृत्तीत हा विभाग गाळण्यात आला.

या विसंगतीची जाण स्वतः कार्नेगींना नव्हती, असे मात्र नाही. त्यांनी एक खासगी फाइल ठेवली होती. आपण केलेल्या मूर्खपणाच्या गोष्टींची नोंद त्यात असे. कोणाला विनाकारण दुखावले, कोठे वेळ दवडला, कोणाचे न ऐकता बोलत सुटलो, असे सारे. काही नोंदी लेखनिकाला सांगून टंकलिखित करवून घेतलेल्या. पण ज्या फारच लाजिरवाण्या, त्या स्वतःच्या हाताने लिहिलेल्या. अधूनमधून ते ती फाइल काढून वाचत.

१९४४ मध्ये त्यांनी डोरोथी व्हँडरपूल यांच्याशी विवाह केला. त्यांनीही कार्नेगींच्या पद्धतीचा वर्ग केलेला होता. काळजीविषयीचे पुस्तक करायचे ठरले, तेव्हा कार्नेगींनी न्यूयॉर्कचे सार्वजनिक ग्रंथालय धुंडाळले. काळजीवर बावीस पुस्तके निघाली; वर्णानुक्रमाने जवळच असलेल्या गांडूळ-कृमींवर मात्र एकशे एकोणनव्वद! त्यांचे १९४८ चे ‘हाऊ टु स्टॉप वरिंग अँड स्टार्ट लिव्हिंग’ या शोधातून आले. वातानुकूलन यंत्राचे जनक विलिस कॅरिअर यांची एक रीत त्यात आहे. वाईटात वाईट काय होईल, ते स्वतःला स्पष्ट विचारावे, ते मनाने आधी स्वीकारावे आणि मग शांतपणे त्यात सुधारणा करायला लागावे. तुटलेल्या बोटाची आणि न कापल्या गेलेल्या कानांची गोष्टही त्याच पुस्तकात आहे.

या वर्गांनी किती जणांचे खरोखर भले केले, याची मोजदाद अवघड आहे. एक उदाहरण मात्र सर्वश्रुत आहे. पन्नासच्या दशकाच्या प्रारंभी ओमाहामधला एक तरुण सभेत बोलण्याच्या नुसत्या कल्पनेने आजारी पडत असे. त्याने शंभर डॉलर भरून कार्नेगी वर्ग केला आणि लगेच, शिकलेले विसरण्यापूर्वी, विद्यापीठात गुंतवणुकीचा वर्ग शिकवायला घेतला. विद्यापीठाच्या पदव्यांऐवजी त्या वर्गाचे प्रमाणपत्र आपल्या कार्यालयात लावणाऱ्या या तरुणाचे नाव वॉरेन बफे.

१९५१ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, कार्नेगींना कन्यारत्न झाले. तिचे बालपण पाहण्यासाठी फार वर्षे त्यांना मिळाली नाहीत. प्रकृती ढासळत होती, नावे लक्षात ठेवायला शिकविणाऱ्या या माणसाची स्मृती अखेरच्या काळात क्षीण होऊ लागली होती. १९५५ च्या उन्हाळ्यात वॉरेन्सबर्गच्या महाविद्यालयाने त्यांना सन्माननीय पदवी दिली. लॅटिनपायी राहिलेली पदवी सत्तेचाळीस वर्षांनंतर अशी पदरी पडली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्स भागातील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. दफन मात्र मिसुरीत, बेल्टन गावच्या दफनभूमीत करण्यात आले.